दस्त्यावरचे ठिगळ

पहिल्या महायुद्धाच्या काळातील इंग्रजी बनावटीची एखादी लष्करी रायफल हाती घेऊन तिच्या दस्त्याची उजवी बाजू उजेडाकडे फिरवली, तर काही वेळा तेथे रुपयाएवढे एक वाटोळे लाकडी ठिगळ दृष्टीस पडते. लाकूड त्याच जातीचे असते, वरचा तेलकट तांबूस रंगही तोच असतो. परंतु रेषा भलत्याच दिशेने धावत असतात, आणि बोट फिरवले तर कडेला सूक्ष्मशी खाच जाणवते. सामान्य मनुष्य ही कोणा सुताराची दुरुस्ती समजून पुढे जातो. जाणकार मात्र तेथेच थांबतो. कारण त्या जागी पूर्वी एक पितळी चकती होती, ती नाहीशी होण्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास उलगडू लागला म्हणजे एका साम्राज्याने आपल्या शिपायांचा मनाशी जो हिशेब मांडलेला होता, त्याच्या खातेवहीचे एक पान उघडते.

जुन्या शस्त्रांच्या किरकोळ भागांची ओळख पटवण्याची विद्या ही जुन्या कागदपत्रांच्या विद्येची सख्खी बहीण आहे. मोडी दफ्तरातील एखादा रुमाल सोडून बसलेला संशोधक मजकुराला हात घालण्यापूर्वी कागदाचा पोत पाहतो, शिक्का पाहतो, सनाची मांडणी पाहतो आणि शेवटी मोर्तब आहे की नाही हे तपासतो. मजकूर लिहिणाऱ्याला काय सांगायचे होते ते अक्षरांवरून कळते, पण तो कोण होता, कोणत्या अंमलात होता आणि खरे बोलत होता की नाही, हे ठरवायला पुष्कळदा या कडेच्या खुणाच उपयोगी पडतात. रायफलीचेही तसेच आहे. नळी, दस्ता, बोल्ट, चाप ही तिची ठळक अंगे लक्षावधी नगांत सारखीच असतात. भेद दिसतो तो एखाद्या पट्टीत, एखाद्या फिरकीत, एका आडव्या स्क्रूत किंवा नुसत्याच रिकाम्या राहिलेल्या खाचेत.

या लहान भागांकडे बराच काळ पाहत राहिले, की त्यांची एक विलक्षण विभागणी आपोआप मनात तयार होते. नळी आणि गोळी या शत्रूला उद्देशून घडवलेल्या असतात. परंतु लहान भागांपैकी पुष्कळसे बंदूक धरणाऱ्याला उद्देशून घडवलेले असतात. त्याने किती वेगाने बार काढावेत, किती दूर पाहावे, कोणाच्या हुकमावाचून काय करू नये, हे सरकारने त्याला लेखी सांगितलेले असतेच, पण लेखी हुकमावर विसंबून न राहता तेच पुन्हा लोखंडात आणि लाकडात ओतून ठेवलेले असते. असा भाग ओळखणे म्हणजे त्या सरकारचा आपल्याच माणसावर किती भरवसा होता हे मोजणे.

आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने जी रायफल घरोघर ऐकून माहीत आहे, तिच्यापुरतेच हे विवेचन ठेवू. तिची मूळ यंत्ररचना जेम्स पॅरिस ली याची. हा गृहस्थ १८३१ मध्ये स्कॉटलंडमधील हॉइक गावी जन्मला, बालपणीच कॅनडात गेला, पुढे अमेरिकेत स्थायिक झाला, आणि मूळचा घड्याळजी होता; तेव्हा त्याच्या बोल्टाची झुळझुळीत चाल आणि १८७९ साली त्याने पेटंट घेतलेली, चापाच्या पुढे खाली लोंबणारी काडतुसांची पेटी यांत घड्याळजीची बोटे दिसतात असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या रचनेला प्रथम मेटफर्डची आणि १८९५ पासून एनफिल्ड कारखान्याची नळीतील आटे पाडण्याची पद्धत जोडली गेली. बोअर युद्धाचा अनुभव गाठीशी बांधून पायदळ व घोडदळ या दोघांनाही चालेल अशी आखूड रायफल सिद्ध झाली, आणि तिचा तिसरा नमुना, ज्याला ‘मार्क थ्री’ म्हणतात, तो २६ जानेवारी १९०७ रोजी मंजूर झाला. २६ जानेवारी या तारखेला पुढे आपल्या देशात निराळाच अर्थ येणार होता, हा केवळ योगायोग.

या १९०७ च्या नमुन्यावर लहान भागांची दाटी आहे. दस्त्यावर पितळी चकती. तिच्यावर पलटणीची संक्षिप्त अक्षरे, रायफल दिल्याचा महिना व वर्ष, आणि शस्त्रागाराच्या मांडणीतील क्रमांक ठोकलेला. नळीच्या तोंडाजवळ एक अर्धवट उघडी कडी, जिच्या योगे तीन-चार रायफली एकमेकींत अडकवून मैदानात मनोऱ्यासारख्या उभ्या करता येत. डाव्या बाजूस एक तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा. मागच्या निशाण्याला वाऱ्याच्या रोखाप्रमाणे डावीउजवीकडे सरकवणारा एक बारीक स्क्रू. आणि उजव्या बाजूस, बोल्टाच्या खाली, अंगठ्याने आतबाहेर सरकणारी एक पोलादी पट्टी. इंग्रजीत हिला ‘कट-ऑफ’ म्हणत. आपण तिला रोधपट्टी म्हणू. या सर्व परिवारात सर्वांत बोलका भाग हाच आहे.

रोधपट्टीचे काम असे. रायफलीच्या पेटीत दहा काडतुसे मावत. पट्टी आत ढकलली की ती पेटीच्या तोंडावर झाकणासारखी बसे, आणि बोल्ट कितीही पुढेमागे केला तरी खालचे काडतूस वर येऊ शकत नसे. शिपायाने कमरेच्या पट्ट्यातून एकेक काडतूस काढावे, हाताने नळीत घालावे, बार काढावा, पुन्हा एक काढावे, असा शिरस्ता. पेटीतील दहा काडतुसे ही राखीव गंगाजळी. निकराचा प्रसंग आला, अधिकाऱ्याने हुकूम दिला, म्हणजे पट्टी बाहेर ओढायची आणि मग ती दहा काडतुसे भराभर वापरायची. म्हणजे एका कल्पक कारागिराने शिपायाच्या हाती दहा बारांचे शस्त्र दिले आणि खजिन्याची काळजी वाहणाऱ्यांनी त्याच शस्त्रात एक पट्टी बसवून ते पुन्हा एका बाराचे केले.

या पट्टीमागचा विचार समजून घेतला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. एकेक बार भरून उडवणाऱ्या शिपायांच्या पिढ्यांवर ज्यांचे लष्करी संस्कार झाले होते, त्या सेनापतींना मनापासून वाटे की, शिपायाला वेगाने गोळ्या झाडण्याची सोय दिली तर तो घाबरून पहिल्या काही मिनिटांतच सगळा दारूगोळा उधळून टाकील आणि खऱ्या संकटाच्या वेळी रिकाम्या हातांनी उभा राहील. डोंगरी मुलखात खेचरांच्या पाठीवरून येणाऱ्या प्रत्येक पेटीचा हिशेब ठेवणाऱ्या कमिसरिएट खात्याला तर ही भीती अधिकच खरी वाटत असणार. परंतु या युक्तिवादाच्या तळाशी एक गृहीत होते, आणि ते असे की, संयम हा अधिकाऱ्याचा गुण आहे, शिपायाचा नव्हे; सबब तो शिपायाला शिकवण्यापेक्षा त्याच्या शस्त्रात बसवून टाकावा.

गंमत अशी की, त्याच सैन्याच्या कवायतीने हे गृहीत आतून पोखरून टाकले होते. बोअर युद्धानंतर इंग्रजी पायदळाला मिनिटाला पंधरा नेमके बार काढण्याची तालीम देण्यात आली. पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या वरून पेटीत दाबून भरायच्या, बोल्ट न थांबता चालवायचा आणि निशाणा ढळू द्यायचा नाही. ज्याला हे साधले त्याला रोधपट्टीचे प्रयोजनच उरले नाही. १९१४ च्या ऑगस्टात मॉन्स येथे हेच पायदळ लढले ते पेटी उघडी ठेवून. पुढे खंदकांचे युद्ध सुरू झाले, रायफलींची मागणी कारखान्यांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि २ जानेवारी १९१६ रोजी ‘मार्क थ्री’च्या नावापुढे एक तारा जोडून सुधारलेला नमुना मंजूर झाला. त्या ताऱ्याचा अर्थ एवढाच की, रोधपट्टी, तबकडी, वाऱ्याचा स्क्रू असे सारे अवांतर भाग वगळावेत. चकतीही याच काटकसरीच्या ओघात गेली. चिखलात पडलेल्या एकाची रायफल दुसरा उचलीत होता आणि दुसऱ्याची तिसरा. तेथे मांडणीतील क्रमांक ठोकून ठेवण्यात काय अर्थ राहिला होता? एनफिल्ड, बर्मिंगहॅम आणि लंडन येथील जुने कारखाने पुरेनासे झाले, तेव्हा लहानसहान कारखान्यांकडून सुटे भाग करवून घेऊन ते एकत्र जुळवण्याचीही योजना इंग्लंडात निघाली. अशा निकडीत पितळी चकतीला कोण विचारतो?

पण सवय साच्यातून लवकर जात नाही. तारा लागलेल्या पुष्कळ रायफलींच्या अंगावर रोधपट्टीची खाच कारखान्यात पूर्वीप्रमाणेच पाडलेली आढळते. पट्टी मात्र तेथे कधीच बसलेली नसते. नवख्या संग्राहकाला वाटते की एक भाग हरवला आहे, आणि तो कोठून तरी जुनी पट्टी मिळवून त्या खाचेत बसवतो. हा त्याचा उत्साह म्हणजे अस्सल पत्राच्या शेवटी कोरी जागा पाहून तेथे आपल्या हाताने मोर्तब उठवण्यासारखेच आहे. ती रिकामी खाच हाच त्या रायफलीचा खरा दाखला होता.

तबकडीची कथा याहून थोडी निराळी, पण त्याच कुळातली. या रायफलीच्या नेहमीच्या मागच्या निशाण्यावर २०० पासून २,००० यार्डांपर्यंत आकडे कोरलेले असत. आज हाच आकडा आपल्याला अचंबित करतो, कारण इतक्या अंतरावर माणूस नुसत्या डोळ्याला ठिपक्यासारखा दिसतो. परंतु त्या काळच्या योजकांचे एवढ्याने समाधान झाले नव्हते. त्यांनी डाव्या बाजूस तबकडी बसवली, तिच्यावर २,८०० यार्डांपर्यंतच्या खुणा केल्या, आणि मागे, सुरक्षा-खटक्याजवळ, डोळा लावण्यासाठी एक उभे भोक दिले. यातून एखाद्या विशिष्ट शत्रूवर नेम धरावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. अधिकाऱ्याने दुर्बिणीतून दूरची फौज पाहावी, अंतर उच्चारावे, शंभर शिपायांनी काटे त्या आकड्यावर फिरवावेत आणि एका आवाजात शंभर गोळ्या आकाशात सोडाव्यात, म्हणजे दीड मैलावर त्यांचा पाऊस पडेल, अशी ती कल्पना. शिपायाचे डोळे येथे उसने होते. पाहायचे अधिकाऱ्याने, शिपायाने फक्त आकडा ऐकायचा. यंत्रतोफा आणि दूरवर मारा करणाऱ्या तोफा आल्यावर या पर्जन्याचे प्रयोजन संपले आणि १९१६ च्या त्याच हुकमाने तबकडी बरखास्त झाली. तिचा मागमूस मात्र पुष्कळ रायफलींच्या डाव्या अंगावर राहून गेला आहे.

आतापर्यंत ज्या अविश्वासाची गोष्ट केली तो इंग्रज सरकारचा स्वतःच्या इंग्रज शिपायांविषयीचा अविश्वास होता. त्यात धनी-चाकराचे नाते असले तरी घर एकच होते. हिंदुस्थानी शिपायाच्या हातातील बंदुकीकडे वळलो म्हणजे हाच अविश्वास अधिक गडद होतो, आणि तो ओळखण्यासाठी काही दशके मागे जावे लागते.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूक आणि तिच्या काडतुसांवरील चरबीची वदंता ही कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्या कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. ती बंदूक तोंडाकडून ठासणीची असली तरी तिच्या नळीत आटे होते, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ व दूर जाई, आणि तिच्या मागच्या निशाण्याला अंतराप्रमाणे वरखाली सरकणारी शिडी होती. बंड मोडल्यानंतर सरकारने हिंदुस्थानी पलटणींसाठी जी बंदूक पसंत केली, ती दुरून पाहणाऱ्याला हुबेहूब तशीच दिसे: तीच लांबी, तेच तीन पट्टे, तोच घोडा, तीच केपाची रचना. परंतु नळीत डोकावले तर आटे नाहीत, नळी गुळगुळीत. आणि निशाण्याची शिडी नाहीशी होऊन तिच्या जागी खाच पाडलेला एक साधा अचल ठोकळा बसलेला. प्रथम आटे असलेल्याच नळ्या आतून रुंद करून ही बंदूक तयार केली; त्यामुळे नळीचा पत्रा पातळ पडला, आणि लगेच पुढच्या वर्षीच्या नमुन्यात जाड नळी योजावी लागली. आज शस्त्रांचा जाणकार १८५८ चा नमुना १८५९ च्या नमुन्यापासून वेगळा करतो तो नळीच्या तोंडाशी कडेची जाडी पाहून.

या एका ठोकळ्यात केवढी राजनीती साठवलेली आहे! शिपायाचे मन मोडू नये म्हणून बंदुकीचे बाह्य रूप कायम ठेवले. मात्र तिचे सामर्थ्य काढून घेतले, आणि दूर नेम धरण्याची सोय ज्या भागात होती तोच भाग अचल करून टाकला. १८५९ मध्ये पील आयोगाने हिंदुस्थानी सैन्याच्या पुनर्रचनेविषयी आपला अहवाल दिला, तोफखाना बहुतांशी गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला, आणि पुढे कित्येक दशके असा अलिखित नियमच होऊन बसला की, गोऱ्या पलटणींना नवे शस्त्र मिळाले म्हणजे त्यांचे जुने शस्त्र हिंदुस्थानी पलटणींकडे उतरावे. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपायाच्या खांद्यावर स्नायडर आली; गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा त्याच्याकडे मार्टिनी आली. घरातील थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा तशी ही रीत. फरक इतकाच की येथे धाकटा कधी मोठा होऊ नये अशीच योजना होती. १९१४ च्या शरदात हिंदुस्थानी फौज फ्रान्समध्ये मार्सेल्सच्या बंदरावर उतरली तेव्हा तिच्या जुन्या रायफली बदलून नव्या, टोकदार गोळीच्या काडतुसाला जुळणाऱ्या रायफली देण्यात आल्या. संकट युरोपच्या दाराशी आले तेव्हा साठ वर्षांची ही शिस्त एका धक्क्यावर उतरवून ठेवण्यास कोणाची हरकत राहिली नाही.

फौजेबाहेरच्या रयतेची गोष्ट निराळी नव्हती. आपल्या दक्षिण मराठी मुलखात १८५७-५८ मध्ये जो असंतोष उसळला, त्यात निःशस्त्रीकरणाच्या कायद्याचा मोठा वाटा होता: मुधोळ संस्थानातील हलगलीचे बेरड हत्यारे देण्यास नकार देऊनच उठले, आणि नरगुंदच्या भावे संस्थानिकांच्या रोषाच्या कारणांत दत्तकाच्या नामंजुरीबरोबर शस्त्रे सोपवण्याचा हुकूमही होता. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा सबंध देशाला लागू झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती आणि नेटिवांना परवाना हवा होता, आणि ही विषमता राष्ट्रीय सभेच्या प्रारंभीच्या अधिवेशनांपासून तक्रारीचा विषय होऊन राहिली. एका बाजूने शेतकऱ्याची ठासणीची बंदूक जप्त होत होती. दुसऱ्या बाजूने ज्या देशी पोलिसाने ती जप्त करायची, त्याच्या हाती तरी काय द्यावे, हा प्रश्न सरकारपुढे उभा होता.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे या सबंध निबंधातील सर्वांत विचित्र लहान भाग होय. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी, इशापूरच्या रायफल कारखान्यात ‘थ्री नॉट थ्री’ रायफलींचे एका गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये रूपांतर होऊ लागले. नळीचे आटे काढून तिचा व्यास .४१० इंच केला, मूळच्याच काडतुसाच्या पुंगळीवर बेतलेले एक निराळे सरकारी काडतूस तिच्यासाठी तयार केले, आणि काडतुसांच्या पेटीच्या जागी एक लाकडी ठोकळा बसवून टाकला. बंदूक वरून पाहावी तर तीच दबदबा उत्पन्न करणारी लष्करी रायफल. बोल्ट उघडून खाली पाहावे तर दहा काडतुसांच्या विवरात घासून गुळगुळीत केलेले लाकूड. एक बार भरा, एक काढा. ही मस्केट पोलिसांना, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना आणि तत्सम दलांना मिळाली. दंगलखोर जमावावर ती पुरेशी होती, आणि उद्या तोच पोलीस जमावाला जाऊन मिळाला किंवा त्याची बंदूक कोणी हिसकावून घेतली, तर खऱ्या पलटणीपुढे ती काहीच नव्हती. इंग्लंडच्या शिपायाच्या वाट्याला आलेली रोधपट्टी निदान बाहेर ओढता येत होती; हिंदुस्थानी पोलिसाच्या वाट्याला आलेली रोधपट्टी लाकडाची होती, आणि ती बाहेर ओढण्याचा हुकूम कोणताही अधिकारी देऊ शकत नव्हता.

इशापूरच्या कारखान्याविषयी दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे कंपनी सरकारचा दारूचा कारखाना होता. १९०४ पासून तेथे रायफलींचा कारखाना उभा राहिला. दस्ता जेथे धातूच्या अंगाला मिळतो तेथील कड्यावर मुकुट, त्याखाली बादशहाच्या नावाची ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असते. यांतील ‘आय’ म्हणजे ‘इम्पेरातोर’, अर्थात बादशहा, आणि ते अक्षर इंग्लंडात घडलेल्या रायफलीवर सापडत नाही, कारण तेथे तो नुसता राजा होता. सरकारी मालावरचा बाण आणि त्याखालचा ‘आय’ हा मात्र हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा दाखला. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले आढळले, तर तो माल सरकारने रीतसर विकून मोकळा केला असे समजावे. काडतुसांच्या बुडावरही अशीच लिपी असते, ज्यावर ‘के. एफ.’ ही अक्षरे आढळतात ते काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्यातले, जो १८६९ पासून पुण्याच्या उशाशी दारूगोळा तयार करीत आला आहे.

अशी लिपी जेथे आहे तेथे तोतयेही आहेत. पेशावर आणि कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल येथील कारागीर कानशी आणि हातोडी यांच्या बळावर इंग्रजी रायफलीची प्रतिकृती इतकी सफाईने करीत की, चार पावलांवरून ती ओळखू येऊ नये. परंतु त्यांना यंत्र वाचता येत होते, अक्षर नव्हे. त्यामुळे ‘एनफिल्ड’ या इंग्रजी शब्दातील ‘एन’ उलटा पडे; कधी मुकुट नीट बसे पण त्याखाली ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरे येत, आणि साल असे राणीच्या मृत्यूनंतरचे. राणी १९०१ च्या जानेवारीत निवर्तली. आखूड रायफल त्यानंतर जन्मली. तेव्हा त्या दोघींची गाठ पोलादावर पडली असेल तर तो शिक्का बनावट, हे सांगायला साक्षीपुरावा लागत नाही. पेशवाई कागदात मृत छत्रपतीचा शिक्का सापडला तर संशोधक जसा मनाशी हसतो, तसेच येथेही.

इशापूरने या रायफलीला स्वतःची म्हणून एक देणगी दिली, आणि तिच्यात अविश्वासाचा लवलेश नाही, म्हणून तिचा उल्लेख मला विशेष सुखाचा वाटतो. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात रायफलीचे पुढचे लाकूड आकसते, आणि बाराच्या धक्क्यांनी त्याला उभी चीर जाते. यावर उपाय म्हणून पेटीच्या पुढे, लाकडातून आरपार, एक आडवा स्क्रू घालण्यात आला. जगभरचे संग्राहक आज त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात, आणि ज्या रायफलीवर तो दिसेल ती हिंदुस्थानात कधीतरी नांदून गेली असे निःशंक समजतात. बंदूक धरणाऱ्याविषयी या स्क्रूला काहीएक मत नाही. तो आपल्या हवेविषयी बोलतो आणि लाकडाची काळजी घेतो.

स्वातंत्र्यानंतर त्याच कड्यावरचा मुकुट गेला आणि तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. १९६२ च्या चिनी आक्रमणाचा धक्का बसल्यावर इशापूरने याच जुन्या सांगाड्याला अधिक कसदार पोलाद देऊन ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी रायफल सिद्ध केली. तिची काडतुसांची पेटी चौकोनी कोपऱ्यांची आहे, आणि थोड्याच अवधीत तिच्या मागच्या निशाण्यावरचा २,००० चा आकडा जाऊन तेथे ८०० आला. अर्ध्या शतकाच्या अनुभवानंतर माणसाच्या दृष्टीचे खरे माप पट्टीवर उमटले, असे म्हणावयास हरकत नाही. पण सिंहांच्या शिक्क्याने सर्वच हिशेब फिरवला असे झाले नाही. लाकडी ठोकळ्याची मस्केट स्वतंत्र देशाच्या पोलीस दलांतही दीर्घ काळ वागवली गेली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित रायफलींसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती जी शस्त्रे होती, त्यांत ‘थ्री नॉट थ्री’ होती. आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी, म्हणजे पुन्हा त्याच २६ जानेवारीला. शिपायाच्या हाती आपल्या शत्रूपेक्षा एक पिढी जुने शस्त्र असावे, ही रीत ज्यांनी अविश्वासाने घालून दिली ते निघून गेले; आपण ती केवळ अनास्थेने चालवली.

हे सर्व पाहून झाल्यावर दस्त्याच्या अगदी मागच्या टोकाकडे वळावे. तेथे पितळी तळावर अंगठ्याने उघडणारे एक लहान झाकण असते, आणि आत पोकळीत तेलाची कुपी व नळी साफ करण्याची दोरी ठेवलेली असते. या दोरीला एका टोकाशी वजन आणि दुसऱ्या टोकाशी फासे. फाशात चार इंच लांब आणि दोन इंच रुंद कापडाचा तुकडा अडकवून ती नळीतून ओढून घ्यायची. पलटणीत त्या कापडाला आजही चिंदी म्हणतात. रोधपट्टी आली आणि गेली, तबकडी गेली, चकतीच्या जागी ठिगळ बसले, मुकुट जाऊन सिंह आले. कुपी पितळेची होती ती पुढे प्लास्टिकची झाली, परंतु ते झाकण, ती पोकळी आणि त्यातील ती सामग्री यांत फेरफार करण्याची गरज यांपैकी कोणत्याही सरकारला भासली नाही. बंदूक स्वच्छ ठेवण्याच्या कामी शिपायावर सर्वांचाच पूर्ण विश्वास होता.